बंद कोळसा खाण आणि जुनं वीज केंद्र: इथे वीज साठवता येते का? गावाने समजून घ्यायची सगळी माहिती

चंद्रपूर, भद्रावती, वरोरा, राजुरा, बल्लारपूर, वणी, मारेगाव, उमरेड, सावनेर या पट्ट्यातल्या गावांना कोळसा नवा नाही. कोणाची शेती खाणीत गेली, कोणाच्या घरातलं एक माणूस वेकोलित लागलं, कोणाच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. आता पुढचा प्रश्न गावागावात येतो आहे. खाणीतला कोळसा संपला की त्या खड्ड्याचं काय? केंद्रातला जुना संच बंद झाला की त्या जागेचं काय?

यावर जगभरात एक उत्तर पुढे आलं आहे, ते म्हणजे वीज साठवणूक. बंद केंद्राच्या जागेवर मोठ्या बॅटऱ्या बसवायच्या, किंवा खाणीच्या खड्ड्यात पाणी खेळवून वीज साठवायची. हे कसं चालतं, कुठे झालं, कुठे जमलं नाही आणि आपल्या गावाचा त्यात काय संबंध, ते या लेखात क्रमाने दिलं आहे.

वीज साठवायची गरज का पडली?

वीज ही धान्यासारखी कोठीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापर, त्याच क्षणी निर्मिती, असा हा हिशोब आहे. कोळशाच्या केंद्रात हे जमत होतं, कारण कोळसा स्वतःच साठवलेली ऊर्जा आहे. मागणी वाढली की जास्त जाळायचा.

सौर विजेचं तसं नाही. दुपारी बारा ते तीन भरपूर वीज, आणि संध्याकाळी सात वाजता शून्य. नेमकं तेव्हाच घराघरात दिवे, पंखे, कूलर, टीव्ही सुरू होतात. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे. दिवसाच्या ओलितासाठी ते चांगलंच आहे, पण संध्याकाळची मागणी त्याने भागत नाही. दुपारची जास्तीची वीज संध्याकाळपर्यंत धरून ठेवायची सोय लागते. तिलाच ऊर्जा साठवणूक म्हणतात.

मग त्यासाठी जुनी केंद्रं आणि खाणीच का?

कारण तिथे चार गोष्टी आधीपासून तयार असतात.

पहिली आणि सगळ्यात महागाची, विजेच्या लाईनी आणि सबस्टेशन. केंद्र बंद झालं तरी उच्च दाबाच्या लाईनी तिथेच असतात. चंद्रपूरचंच बघा. १९९९ साली सुरू झालेली चंद्रपूर ते पडघा ही ७५२ किलोमीटरची लाईन १,५०० मेगावॅट वीज मुंबईकडे नेऊ शकते. अशी लाईन नव्याने टाकायची म्हटलं तर शेकडो गावांतून टॉवर उभारावे लागतात, शेतकऱ्यांचे मोबदल्याचे वाद होतात, वर्षंच्या वर्षं जातात. जुन्या जागेवर हा खर्च आणि वेळ वाचतो.

दुसरी, जमीन. ती आधीच संपादित आहे, नवी शेती घ्यावी लागत नाही. तिसरी, पाणी आणि खड्डा. खुल्या खाणीचा खड्डा पाण्याने आपोआप भरतो. चौथी, माणसं. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, पंप ऑपरेटर त्या परिसरातच राहतात.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आपल्याकडे कोळशाची केंद्रं धडाधड बंद होत आहेत असं चित्र नाही. उलट, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये वीज कंपन्यांना कळवलं की २०३० पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नका. पण त्याआधीच अनेक जुने संच बंद झाले आहेत. चंद्रपूर केंद्राचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच, कोराडीचे १२० मेगावॅटचे चार जुने संच, परळीचे २१० मेगावॅटचे तीन संच ही आपल्या राज्यातली उदाहरणं. चंद्रपूर केंद्राची आजची २,९२० मेगावॅट क्षमता ही उरलेल्या सात संचांची आहे. आणि खाणींचं म्हणाल तर त्यांचा कोळसा संपतोच. ती वेळ थांबवता येत नाही.

पद्धत पहिली: बॅटरी

ही सगळ्यात सोपी आणि लवकर होणारी पद्धत. ट्रकवर येतो तसा वीस फुटी कंटेनर, त्यात मोबाईलमध्ये असतात त्याच जातीच्या पण खूप मोठ्या लिथियम बॅटऱ्या. आजच्या एका कंटेनरमध्ये साधारण तीन ते पाच हजार युनिट वीज मावते. शेतातली पाच एचपीची मोटर आठ तास चालली तर सुमारे ३० युनिट खाते. म्हणजे पाच हजार युनिटचा एक कंटेनर दीडशेहून जास्त मोटरींना एक दिवस चालवेल एवढी वीज धरतो. शंभर युनिट भरले तर साधारण ८५ ते ९० परत मिळतात.

जुन्या केंद्राच्या मोकळ्या सपाट जागेत असे कंटेनर ओळीने ठेवले आणि शेजारच्या सबस्टेशनला जोडले की काम होतं. कोळसा नाही, राख नाही, चिमणी नाही, पाण्याची गरज जवळपास नाही. यातला पाण्याचा मुद्दा चंद्रपूरकरांना लगेच कळेल. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणात पाणी उरलं नाही म्हणून चंद्रपूर केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते.

एक अडचण मात्र आहे. राखेच्या तलावावर असे कंटेनर थेट ठेवता येत नाहीत, कारण राखेची जमीन भार धरत नाही. त्यामुळे केंद्राची जमीन दिसते मोठी, पण कामाची जागा त्यातली थोडीच असते.

पद्धत दुसरी: खड्ड्यात पाणी खेळवणं

याला पंप स्टोरेज किंवा उदंचन जलविद्युत म्हणतात. दोन तळी लागतात, एक वर आणि एक खाली. दुपारी सौर वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडायचं आणि टर्बाइन फिरवून वीज काढायची. शंभर युनिट खर्चून साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात. पाणी संपत नाही, तेच वर-खाली होत राहतं.

आपल्या राज्यात हे नवं नाही. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. वरचं तळं घाटमाथ्यावर, खालचं कोकणात.

खाणीत हे करायचं तर खड्ड्याचा तळ हे खालचं तळं आणि वर जमिनीवर किंवा टेकडीवर दुसरं तळं. इथे हिशोब नीट समजून घ्या, कारण प्रकल्पाचं सगळं गणित दोन तळ्यांमधल्या उंचीवर चालतं.

घाटघरला दोन तळ्यांत चारशे मीटरहून जास्त फरक आहे. तिथे सुमारे एक हजार लिटर पाणी खाली आलं की एक युनिट वीज मिळते. खाणीत फरक शंभर मीटर धरला तर त्याच एका युनिटला सुमारे चार हजार लिटर पाणी लागतं.

समजा, शंभर मेगावॅटचा प्रकल्प आहे आणि तो संध्याकाळी सहा तास वीज देणार आहे. म्हणजे सहा लाख युनिट. पाच एचपीच्या वीस हजार मोटरी दिवसभर चालतील एवढी वीज. शंभर मीटर उंचीला त्यासाठी सुमारे २४० कोटी लिटर पाणी लागेल. तळ्यातली पाण्याची पातळी वीस मीटर वर-खाली होणार असं धरलं, तर वरचं एक आणि खालचं एक, अशी प्रत्येकी बारा हेक्टरची दोन तळी हवीत. मोठ्या खुल्या खाणीचा खड्डा याहून कितीतरी मोठा असतो. म्हणजे खालच्या तळ्याची चिंता नाही. अडचण वरच्या तळ्याची आहे.

खाणीशेजारी मातीचे डोंगराएवढे ढिगारे दिसतात. त्यावरच तळं बांधलं तर उंची आयतीच मिळेल, असं कोणालाही वाटेल. पण हे ढिगारे म्हणजे ट्रकने ओतलेली सैल माती आणि दगड. ते वर्षानुवर्षं खचत राहतात, पावसात घसरतात. त्यावर कोट्यवधी लिटर पाणी ठेवायचं तर आधी माती दाबून पक्की करावी लागते, तळाला पाणी न झिरपणारा थर द्यावा लागतो, आणि तरीही तपासणीत जागा नापास होऊ शकते. पातळी रोज वीस मीटर वर-खाली झाली तर खड्ड्याच्या कडाही ढासळू शकतात. म्हणून प्रत्येक खड्डा यासाठी चालत नाही. खोल, कडक दगडाच्या कडा असलेला आणि जवळ उंच पक्की जागा असलेला खड्डाच उपयोगाचा.

पद्धत तिसरी: भूमिगत खाणीत वजन सोडणं

जुन्या भूमिगत खाणीच्या उभ्या विहिरीत, म्हणजे शाफ्टमध्ये, जड वजन दोरावर बांधून दुपारी वर ओढायचं आणि संध्याकाळी हळूहळू खाली सोडून वीज काढायची, अशीही कल्पना आहे. व्हिडिओत ही फार छान दिसते. पण हिशोब करून बघा. एक हजार टन वजन दोनशे मीटर खाली आलं तर जेमतेम ५४५ युनिट मिळतात. म्हणजे अठरा मोटरींची एका दिवसाची वीज. वर सांगितलेला एक बॅटरी कंटेनर याच्या पाच ते नऊ पट वीज धरतो. काही सेकंदांत ग्रीडला आधार देण्याच्या कामासाठी या पद्धतीचा विचार होतो. गावाची संध्याकाळ त्यावर निघणार नाही.

पद्धत चौथी: तापवलेलं मीठ

केंद्राचा बॉयलर काढायचा, पण टर्बाइन आणि जनित्र ठेवायचं. स्वस्त विजेने विशिष्ट प्रकारचं मीठ पाचशे अंशांच्या पुढे तापवून मोठ्या टाक्यांत ठेवायचं, आणि गरज पडली की त्या उष्णतेने वाफ करून जुनंच टर्बाइन फिरवायचं. यात केंद्रातली अनेक कामं तशीच राहतात, म्हणून कामगारांच्या दृष्टीने ही पद्धत आकर्षक. पण वाफेच्या वाटेने वीज परत काढताना अर्ध्याहून जास्त ऊर्जा वाया जाते. त्यामुळे बॅटरीपुढे ती टिकणं अवघड जातं.

जगात प्रत्यक्ष काय झालं?

ऑस्ट्रेलियातलं हेझलवूड केंद्र १,६०० मेगावॅटचं होतं. मार्च २०१७ मध्ये ते बंद झालं. २०२३ मध्ये त्याच जागेवर, जुन्या लाईनींचा उपयोग करून, १५० मेगावॅटची बॅटरी सुरू झाली. ती पूर्ण ताकदीने एक तास वीज देते. १,६०० च्या जागी १५० हा आकडा लक्षात ठेवा. बॅटरी केंद्राची जागा वापरते, पण त्याच्याएवढी वीज देत नाही. ती वीज तयार करतच नाही, फक्त धरून ठेवते.

त्याच देशात लिडेल केंद्र एप्रिल २०२३ मध्ये बंद झालं. तिथे ५०० मेगावॅटची, दोन तास चालणारी बॅटरी उभारायचं काम कंपनीने हाती घेतलं. जवळच्या मसलब्रुक इथल्या कोळसा खाणीच्या खड्ड्यात ४०० मेगावॅटचा, आठ तास चालणारा पंप स्टोरेज प्रकल्प प्रस्तावित आहे. किडस्टन इथे २००१ साली बंद झालेल्या सोन्याच्या खाणीचे दोन खड्डे वापरून २५० मेगावॅटचा तसाच प्रकल्प हाती घेतला गेला. दोन खड्डे वेगवेगळ्या पातळीवर आयते मिळाले, म्हणून तिथलं गणित जमलं.

अमेरिकेच्या हवाई बेटावर शेवटचं कोळसा केंद्र सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. त्याची संध्याकाळची जबाबदारी घ्यायला जवळच कापोलेई इथे १८५ मेगावॅटची बॅटरी २०२३ च्या अखेरीस सुरू झाली.

सगळ्यात जुनं उदाहरण ब्रिटनमधल्या वेल्सचं. दिनॉर्विग इथली पाटीच्या दगडाची खाण १९६९ मध्ये बंद पडली. त्याच डोंगराच्या पोटात १९८४ साली १,७०० मेगावॅटहून मोठा पंप स्टोरेज प्रकल्प सुरू झाला आणि तो चाळीस वर्षं ओलांडून चालू आहे. पण तिथे दगड कडक होता आणि उंची भरपूर होती.

न जमलेलं उदाहरणही बघायला हवं. जर्मनीतली प्रॉस्पर-हानियल ही दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. तिच्या पोटात २०० मेगावॅटचा भूमिगत पंप स्टोरेज करता येईल का, याचा विद्यापीठाने सविस्तर अभ्यास केला. तांत्रिकदृष्ट्या शक्य दिसलं, पण प्रकल्प झाला नाही. चांगला अहवाल आला म्हणजे प्रकल्प आला, असं नसतं.

आपल्याकडे सरकारचं धोरण काय?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये पंप स्टोरेजसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कोळसा आणि इतर खनिजं संपलेल्या खाणी यासाठी वापराव्यात असं म्हटलं आहे. त्यानंतर कोळसा मंत्रालयाने वीसहून जास्त बंद खाणी या कामासाठी तपासायला घेतल्याचं जाहीर केलं. राज्य सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये पंप स्टोरेजचं स्वतंत्र धोरण आणलं. बॅटऱ्यांसाठी केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तास क्षमतेला अर्थसहाय्य देण्याची योजना मंजूर केली.

राज्यातले मोठे पंप स्टोरेज प्रस्ताव मात्र मुख्यतः सह्याद्रीत आहेत, विदर्भातल्या खाणीत नाहीत. कारण वर सांगितलंच आहे, उंची. म्हणून आपल्या भागात आधी बॅटरी येण्याची शक्यता जास्त आणि खड्ड्यातला प्रकल्प मोजक्याच ठिकाणी, हे धरून चालावं.

जमीन कोणाची? परत मिळणार का?

गावात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कोळशासाठीची बरीच जमीन कोळसाधारक क्षेत्र कायदा १९५७ खाली घेतलेली आहे. या कायद्याने जमीन सरकारच्या आणि पुढे सरकारी कोळसा कंपनीच्या मालकीची होते. कोळसा संपला म्हणून ती आपोआप मूळ शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर परत येत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या जमिनीबाबत धोरण मंजूर केलं. त्यानुसार कोळसा काढून झालेली किंवा खाणीला योग्य नसलेली जमीन कोळसा आणि ऊर्जेशी संबंधित कामांसाठी भाडेपट्ट्याने देता येते. सौर प्रकल्पही त्यात येतात. मालकी सरकारी कंपनीकडेच राहते आणि पट्टा स्पर्धात्मक निविदेतून द्यायचा असतो. थोडक्यात, उद्या तुमच्या जुन्या शेतावर एखादी खासगी कंपनी बॅटरी बसवू शकते. त्याचं भाडं मात्र कोळसा कंपनीला मिळेल.

जमीन इतर कायद्याने घेतली असेल किंवा वीज केंद्रासाठी घेतली असेल तर नियम वेगळे. म्हणून आधी आपली जमीन कोणत्या कायद्याखाली गेली, ते निवाड्याच्या कागदावर बघून घ्या.

खाण बंद करायचा पैसा कुठे असतो?

हे फार थोड्यांना माहीत आहे. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्रत्येक खाणीचा ‘खाण बंदी आराखडा’ असावा लागतो आणि त्यासाठी कंपनीला दरवर्षी एका वेगळ्या राखीव खात्यात, म्हणजे एस्क्रो खात्यात, पैसे भरावे लागतात. सुरुवातीचा दर खुल्या खाणीला हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी एक लाख रुपये होता, नंतर तो वाढला. खड्डा सुरक्षित करणं, ढिगारे सपाट करणं, झाडं लावणं, पाण्याची सोय ही कामं त्यातून व्हायची असतात. आराखड्याप्रमाणे काम झालं की नाही हे कोल कंट्रोलरचं कार्यालय बघतं.

साठवणुकीचा प्रकल्प आला तर खड्डा बुजवला जाणार नाही, तो तसाच ठेवला जाईल. म्हणजे बंदी आराखडा बदलेल. बुजवण्याचा वाचलेला पैसा कुठे जाणार आणि कठडा, रस्ता, गावाचं पाणी यावर किती खर्च होणार, हे विचारण्याची वेळ आराखडा बदलण्याआधीची असते, नंतरची नाही.

दुसरा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. खाण चालू असते तेव्हा कंपनी रॉयल्टीबरोबर ठरावीक वाटा या निधीत भरते, जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि २०१५ नंतर लिलावाने दिलेल्यांना १० टक्के. त्यातून बाधित गावांत शाळा, दवाखाने, पाणी योजना होतात. खाण बंद झाली की रॉयल्टी थांबते आणि हा झराही आटतो. वीज साठवणुकीवर रॉयल्टी नसते. म्हणजे नवा प्रकल्प आला तरी गावाचा हा निधी आपोआप परत सुरू होत नाही. तो वाटा दुसऱ्या मार्गाने मागावा लागेल.

धोके कोणते?

जमीन खचणं. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. अशा भागात जवळच रोज पाण्याची पातळी वर-खाली करायची असेल तर आधी जुन्या खाणींचे नकाशे जुळवून बघणं आवश्यक आहे.

आग. हेझलवूडच्या खाणीला २०१४ मध्ये लागलेली आग ४५ दिवस धुमसत होती. खड्ड्याच्या कडेला कोळशाचे थर उघडे राहिले तर हवा लागून ते आपोआप पेटू शकतात. बॅटरीलाही आगीचा धोका आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मॉस लँडिंग इथे जुन्या वीज केंद्राच्या इमारतीत ठेवलेल्या बॅटऱ्यांना आग लागली आणि हजाराहून जास्त लोकांना घरं सोडून जावं लागलं. आता बॅटऱ्या बंद इमारतीत न ठेवता उघड्यावर, वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, मध्ये अंतर सोडून ठेवतात आणि कमी पेट घेणाऱ्या प्रकारच्या वापरतात. तरी वस्तीपासूनचं अंतर आणि अग्निशमनाची सोय बघितलीच पाहिजे.

पाणी. काही खाणींचं पाणी आम्लधर्मी असतं. ते पंप आणि पाईप खातं, आणि बाहेर सोडलं तर नाल्याचं नुकसान करतं. दुसरीकडे, चांगलं खाणपाणी गावाच्या कामाचं असतं. वेकोलिने सावनेर तालुक्यातल्या पाटणसावंगी खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं. आज तुमचं गाव खाणीच्या पाण्यावर ओलित करत असेल, तर प्रकल्प आल्यावर ते पाणी मिळणार की बंद होणार, हा प्रश्न लेखी विचारा. उन्हाळ्यात तळ्यातून वाफ होऊन पाणी उडतं. बारा-बारा हेक्टरच्या दोन तळ्यांतून दीड मीटर जरी उडालं तरी ते ३६ कोटी लिटर होतं. पावसाळ्यात बरंचसं भरून येतं, पण मे महिन्यात भर कुठून घालणार?

नोकऱ्या किती?

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. औष्णिक केंद्रात आणि खाणीत कायम आणि कंत्राटी मिळून हजारो माणसं लागतात. बॅटरी प्रकल्प उभारताना वर्ष-दीड वर्ष काम असतं. नंतर सुरक्षा रक्षक, देखभाल आणि मोजके तंत्रज्ञ, एवढीच गरज. पंप स्टोरेजला बांधकामाची वर्षं जास्त आणि नंतरची माणसंही थोडी जास्त, पण खाणीएवढी कधीच नाहीत. कोळशाची वाहतूक, हॉटेल, टायर दुरुस्ती, गॅरेज यावर चालणारी कुटुंबं तर कोणत्याच यादीत नसतात.

म्हणून ‘प्रकल्प येतोय, नोकऱ्या येतायत’ असं कोणी म्हटलं तर किती, कायम किती, कोणत्या शिक्षणाच्या आणि स्थानिकांना किती, हे आकड्यात मागा. आयटीआयमध्ये बॅटरी देखभाल आणि सबस्टेशनचं प्रशिक्षण आधी सुरू झालं, तरच त्या थोड्या जागा इथल्या पोरांना मिळतील.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

१. आमच्या खाणीचा मंजूर बंदी आराखडा कुठे आहे? त्यात खड्ड्याचं शेवटी काय होणार असं लिहिलं आहे?

२. राखीव खात्यात किती रक्कम जमा आहे, किती खर्च झाली, कशावर?

३. जमीन भाडेपट्ट्याने देणार असाल तर किती वर्षांसाठी, आणि भाड्यातला वाटा बाधित गावांना मिळेल का?

४. खड्ड्यातलं पाणी गावाला किती आणि कोणत्या महिन्यांत मिळेल?

५. जुन्या भूमिगत खाणींचा नकाशा आणि जमीन खचण्याचा अभ्यास दाखवा.

६. बॅटरी वस्तीपासून किती अंतरावर? आग लागली तर कोण येणार, किती वेळात?

७. बॅटऱ्या जुन्या झाल्यावर त्या परत कोण नेणार?

८. ग्रामपंचायतीला कर किती मिळेल?

उत्तर तोंडी नको, लेखी हवं. वेकोलि आणि महानिर्मिती या सरकारी कंपन्या आहेत, त्यामुळे माहितीचा अधिकार त्यांना लागू आहे. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील कार्डधारकाला तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. ज्या प्रकल्पाला पर्यावरणाची जनसुनावणी लागते, तिथे तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. पेसा लागू असलेल्या गावांत भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे.

आणखी एक सावधगिरी. ‘तुमची शेती बॅटरी प्रकल्पासाठी निवडली गेली, महिन्याला एवढं भाडं, आधी नोंदणी फी भरा’ असा व्हॉट्सअप मेसेज किंवा फोन आला तर पैसे भरू नका, ओटीपी देऊ नका. आधी तलाठी किंवा तहसील कार्यालयात खात्री करा.

थोडक्यात

बंद केंद्राच्या जागेवर वीज साठवणं शक्य आहे आणि ते जगात सुरू झालं आहे. खाणीच्या खड्ड्यातही शक्य आहे, पण उंची आणि कडक दगड असेल तिथेच. अशा प्रकल्पाने नवी शेती वाचते, धूर वाढत नाही आणि संध्याकाळची वीज सुधारते. पण कोळशाने दिलेला रोजगार आणि निधी तो परत आणत नाही. लाईन, जमीन, खड्डा आणि पाणी या चारही गोष्टींना आता किंमत आली आहे, आणि त्या उभ्या आहेत इथल्या गावांनी सोडलेल्या जमिनीवर. त्या किमतीतला गावाचा वाटा ठरतो तो खाण बंद होण्याच्या कागदावर. तो कागद मंजूर होण्याआधी गावाने वाचलेला असावा.